अदृश्य ठिणगी

यवतमाळ जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या फाटकाशी प्रथम नजरेस पडते ती विडी-काडीच्या मनाईची पाटी. आत जाणाऱ्या गाडीवानाने, हमालाने, व्यापाऱ्याने, फार काय खुद्द मालकाच्या पाहुण्यानेही आगपेटी बाहेर ठेवावी असा तेथील रिवाज आहे, आणि त्यात कोणास अपमान वाटत नाही. ठिकठिकाणी वाळूच्या बादल्या टांगलेल्या असतात, पाण्याचे हौद भरलेले असतात, आणि रुईच्या गाठींच्या थप्प्या एकमेकींपासून अंतर राखून रचलेल्या असतात. हे शहाणपण पुस्तकांतून आलेले नाही. ते नुकसान सोसून आलेले आहे. कापसातून आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्राच्या धातूवर घासून ठिणगी उडते, ती रुईत लपते, आणि रुई दाबून तिची गाठ बांधली गेली तरी आतल्या आत धुमसत राहते. बाहेरून गाठ निर्दोष दिसते. काही दिवसांनी गोदामात ती पेट घेते, तेव्हा ती ठिणगी कोणत्या दिवशी आणि कोणत्या यंत्रात पडली, हे सांगणे कठीण होऊन बसते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत याच कारखान्यांत दुसरी एक पेट घेणारी वस्तू येऊन बसली आहे. ती वस्तू म्हणजे संगणक. तिच्यासाठी मात्र फाटकावर पाटी नाही, बादली नाही, आणि थप्प्यांमधले अंतरही नाही. कारखान्यातील संगणकांचे आणि त्यांना जोडलेल्या यंत्रांचे घातक प्रोग्रॅमांपासून, म्हणजे ज्यांना सांप्रत 'मालवेअर' म्हणतात त्यांच्यापासून, रक्षण कसे करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, कारखान्यात संगणक कोठे कोठे असतो. तो केवळ मुनीमजींच्या टेबलावरील पेटीत असतो असे नव्हे. कापसाने भरलेली गाडी वजनकाट्यावर चढते तेव्हा तिचे वजन संगणकात उतरते. खरेदीची पावती तोच छापतो. प्रेसचा दाब किती असावा आणि तो केव्हा सुटावा, हे एका लहानशा नियंत्रक पेटीत भरून ठेवलेल्या सूचनांवरून ठरते. कारागीर तिला 'पीएलसी' म्हणतात. गाठीवरील क्रमांकाची चिठ्ठी संगणकातून निघते. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठविण्यासाठी ट्रकमध्ये भरला, तर सर्वसाधारणपणे त्याच्याबरोबर ई-वे बिल लागते, आणि तेही संगणकावरच तयार होते. शेतकऱ्याच्या बँकेच्या खात्यात पैसे जातात ते याच मार्गाने. मोठ्या कारखान्यांत हे अवलंबन कितीतरी अधिक असते. यवतमाळजवळ लोहारा येथे रेमंडचा डेनिम कापडाचा कारखाना आहे, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन येथे सिमेंटचा कारखाना आहे. अशा ठिकाणी तर रंगाचे मिश्रण, भट्टीचे तापमान, मालाची नोंद ही सर्व कामे संगणकांच्या आज्ञेवाचून चालत नाहीत. तेव्हा संगणक बिघडला म्हणजे केवळ हिशेब अडतो असे नाही. कारखानाच थांबतो.

आता मालवेअर म्हणजे काय? ती काही यंत्रात आपोआप उत्पन्न होणारी कीड नव्हे. ती माणसाने, बुद्धिपुरस्सर, दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी किंवा त्याच्याकडून पैसा उकळण्यासाठी लिहिलेली सूचनांची मालिका असते. १९८६ साली लाहोरमधील दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरला. आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवरील पहिला व्हायरस म्हणून त्याची गणना होते. तो त्या मानाने निरुपद्रवी होता. त्यानंतर या जातीचे अनेक भेद झाले. काही प्रोग्रॅम दुसऱ्या फाइलीला चिकटून प्रवास करतात. काही कोणाच्याही मदतीवाचून एका संगणकातून दुसऱ्यात सरपटत जातात. त्यांना 'वर्म' म्हणतात. काही उपयुक्त वस्तूचे सोंग घेऊन आत शिरतात. आणि कारखानदारास सर्वांत अधिक भय ज्याचे बाळगावे लागते तो 'रॅन्समवेअर' हा प्रकार तर सर्व कागदपत्रे गुप्त लिपीत बदलून टाकतो आणि त्यांची किल्ली देण्याबद्दल खंडणी मागतो.

यावर नेहमी ऐकू येणारा आक्षेप असा की, मुंबई-पुण्याचे कारखाने सोडून वणी, राळेगाव किंवा पांढरकवड्याच्या जिनिंगकडे कोण कशाला वळेल? हा आक्षेप मोठा समजूतदार वाटतो. पण तो चुकीच्या गृहीतावर उभा आहे. चोर घर पाहून येतो, हे खरे. पण आग घर पाहून येत नाही. जेथे वाळलेले गवत सापडेल तेथे ती जाते. मालवेअरचा मोठा भाग या दुसऱ्या जातीचा आहे.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या रॅन्समवेअरने हे जगाला दाखवून दिले. थोड्याच दिवसांत सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडमधील रुग्णालयांतील कामे अडली. रेनॉ कंपनीने फ्रान्समधील काही मोटार कारखान्यांतील उत्पादन थांबविले. परंतु त्याच लाटेत केरळातील काही ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांतील संगणकही सापडले होते. त्या पंचायतींवर कोणाचा डोळा होता असे नव्हे. त्यांच्या संगणकांत तेच छिद्र उघडे होते, जे लंडनच्या रुग्णालयांत उघडे होते. आणि यातील खेदाची गोष्ट अशी की, ते छिद्र बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजीच विनामूल्य दिली होती. म्हणजे दुरुस्ती दाराशी येऊन जवळजवळ दोन महिने पडून होती. ज्यांनी ती लावून घेतली नाही ते बळी पडले. एवढा गाजावाजा झाल्यावरही, पुढे जून महिन्यात होंडा कंपनीचा जपानमधील सायामा येथील मोटारींचा कारखाना याच वॉनाक्रायमुळे एक दिवस बंद ठेवावा लागला. विझली असे वाटलेली आग कोपऱ्यात धुमसत राहते ती अशी.

महाराष्ट्राने हाच अनुभव त्याच वर्षी आपल्या बंदरावर घेतला. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचे मालवेअर युक्रेन देशात सुटले. तेथील व्यापारी कर भरण्यासाठी हिशेबाचा जो एक प्रोग्रॅम वापरीत, त्याच्या नेहमीच्या सुधारणेतच हल्लेखोरांनी हे विष मिसळून दिले होते. ज्यांच्या कचेरीत तो हिशेबाचा प्रोग्रॅम होता, त्यांच्या जाळ्यात ते शिरले, आणि तेथून जगभर गेले. डेन्मार्कची जहाजकंपनी मर्स्क ही त्यात सापडली. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात या उद्योगसमूहाकडून चालविले जाणारे कंटेनरांचे एक टर्मिनल आहे; तेथील संगणक बंद पडले, आणि जे काम यंत्रे क्षणात करीत ते माणसांना हाताने करावे लागले. काही माल दुसऱ्या टर्मिनलांकडे वळवावा लागला. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमचा आणि उरणजवळच्या बंदरावर खोळंबलेल्या कंटेनरांचा संबंध कोणाच्या स्वप्नातही आला नसता. विदर्भातून परदेशी जाणारा कितीतरी माल याच बंदरातून जहाजावर चढतो, हे लक्षात घेतले म्हणजे यवतमाळचा व्यापारी या साखळीच्या बाहेर नाही, हे वेगळे सांगावयास नको.

मर्स्कच्या या संकटातील एक गोष्ट वऱ्हाडातील लोकांस विशेष बोलकी वाटेल. त्या कंपनीच्या साऱ्या जाळ्याची ओळखपाळख ठेवणाऱ्या मुख्य संगणकांच्या नोंदी जगभर एकाच वेळी नष्ट झाल्या. शोध करता करता एकच प्रत सुरक्षित सापडली, ती आफ्रिकेतील घाना देशात. ती कशाने वाचली? कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे. त्या वेळी तेथील वीज गेलेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता! त्या एका प्रतीवरून कंपनीने आपला डोलारा पुन्हा उभारला. सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने मांडावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढील वर्षी जाहीर सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरात गेले. भारनियमनाला बोटे मोडणाऱ्यांनी यातून इतकेच घ्यावे की, जी प्रत जाळ्याला जोडलेली नव्हती तीच वाचली. जे तेथे अपघाताने घडले ते कारखान्यात बुद्धीने घडवून आणावयाचे आहे.

आणखी दोन उदाहरणे खास कारखान्यांची आहेत. तैवानमधील टीएसएमसी ही संगणकाच्या चिप बनविणारी जगातील अग्रेसर कंपनी. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे एक नवीन यंत्र बसविण्यात आले. त्या यंत्रातील प्रोग्रॅम विषारी आहे की नाही हे न तपासताच ते कारखान्याच्या जाळ्याला जोडले गेले, आणि त्याच्यातून वॉनाक्रायचाच एक प्रकार इतर यंत्रांत पसरला. पूर्ववत् काम सुरू होण्यास सुमारे तीन दिवस लागले. शत्रू भिंत फोडून आला नाही. नव्या यंत्राच्या पेटाऱ्यात बसून, मालकाच्या समक्ष आत आला.

दुसरे उदाहरण नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीचे. १९ मार्च २०१९ रोजी तिचे सुमारे ३५,००० नोकरांचे, ४० देशांत पसरलेले काम एका रॅन्समवेअरने विस्कळीत केले. विष आत शिरले होते ते त्याच्या सुमारे तीन महिने आधी; एका ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून आलेल्या ई-मेलमधील फाइल एका कर्मचाऱ्याने विश्वासाने उघडली होती. गाठीच्या पोटात ठिणगी धुमसावी तसा तो प्रोग्रॅम इतके दिवस आत दबून होता. या कंपनीने जे केले ते स्मरणात ठेवण्यासारखे आहे. तिने खंडणी दिली नाही, आणि घडलेली गोष्ट लपविलीही नाही. काय झाले ते वर्तमानपत्रांस आणि गिऱ्हाइकांस रोज सांगितले. कित्येक ठिकाणी कागद-पेन्सिल घेऊन यंत्रे हाताने चालविण्यात आली, आणि जुन्या पद्धती ठाऊक असलेले काही निवृत्त कामगार मदतीस परत आले. राखून ठेवलेल्या प्रतींवरून सारे पुन्हा उभे राहिले. खर्च अफाट झाला. पण पत गेली नाही.

या सर्व घटनांचा निष्कर्ष काय? निष्कर्ष असा की, संरक्षण ही विकत आणून बसविण्याची वस्तू नाही. ती रोज पाळावयाची शिस्त आहे. यवतमाळच्या शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. २००२ साली बीटी कपाशीच्या बियाण्यास परवानगी मिळाली, पुढे २००६ मध्ये तिची सुधारलेली जात आली, आणि बोंडअळीची चिंता मिटली असे सर्वांस वाटले. त्या बियाण्याबरोबर शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात, हंगाम वेळेवर संपवावा, ही पथ्ये मात्र बहुतेकांनी सोडून दिली. अळीने त्या विषाची सवय करून घेतली, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने या जिल्ह्याची शेते पोखरून काढली. बोंड बाहेरून हिरवेगार, आत किडलेले. एकाच औषधावर विसंबणाऱ्याची जी गत शेतात झाली तीच संगणकाच्या बाबतीत होते.

अँटिव्हायरस हे असेच एक औषध आहे. ते अवश्य असावे. महाराष्ट्रात हे औषध तयार करण्याचे कामही झाले आहे; रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यात क्विक हील हा अँटिव्हायरस तयार केला, आणि तो देशभर गेला. परंतु अँटिव्हायरस प्रामुख्याने ओळखीच्या खुणांवरून आणि संशयास्पद वर्तनावरून चोर पकडतो. अगदी नवा चोर पहिल्या दिवशी त्याच्या हातून निसटू शकतो. म्हणून त्याच्या जोडीला पुढील पथ्ये पाळली पाहिजेत.

पहिले पथ्य यादीचे. कारखान्यात किती संगणक आहेत, किती यंत्रांत संगणक दडलेला आहे, कोणता कोणास जोडलेला आहे, हे एका वहीत लिहून काढावे. वजनकाट्याचा संगणक, फाटकावरील कॅमेरे, कचेरीतील वाय-फायची पेटी, प्रेसची नियंत्रक पेटी, मुनीमजींचा मोबाइल, यांतील एकही वगळू नये. ज्या दाराची आपणास माहितीच नाही त्याला कुलूप लावता येत नाही.

दुसरे पथ्य दुरुस्तीचे. प्रोग्रॅम बनविणाऱ्या कंपन्या वेळोवेळी ज्या सुधारणा देतात त्या ताबडतोब लावून घ्याव्यात. वॉनाक्रायचा सारा धडा यात आहे. जिनिंगच्या धंद्यात येथे एक विशेष धोका आहे. हा धंदा हंगामी. उन्हाळ्यात यंत्रे थांबतात, संगणकांवर कापड पडते, आणि नवा कापूस येऊ लागला म्हणजे धूळ झटकून तेच संगणक एकदम इंटरनेटला जोडले जातात. मधल्या सहा-सात महिन्यांत सापडलेली सारी छिद्रे त्या दिवशी उघडी असतात. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करण्याची रीत सर्वत्र आहे. त्या दिवसापूर्वी एक आठवडा प्रत्येक संगणकाची दुरुस्ती व तपासणी पुरी करण्याची रीत तिला जोडून द्यावी. पूजेचा अर्थ अधिक खोल होईल. ज्या जुन्या प्रणालींना आता दुरुस्त्या मिळत नाहीत त्यांची गोष्ट निराळी. विंडोज एक्सपीचे दुरुस्तीचे दिवस २०१४ मध्ये संपले, विंडोज ७ चे २०२० मध्ये, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चीही सर्वसाधारण मुदत संपली. यंत्राबरोबर आलेला असा एखादा म्हातारा संगणक बदलणे शक्य नसेल, तर त्याला इंटरनेटचे तोंडही दाखवू नये.

तिसरे पथ्य दारांचे. पेन ड्राइव्ह ही या युगाची आगपेटी होय. लग्नाचे फोटो, गाणी, सिनेमे घेऊन घरोघर फिरलेला पेन ड्राइव्ह कारखान्याच्या यंत्रात घालू देऊ नये. कामासाठी लागतील ते निराळे ठेवावेत, आणि बाहेरून आलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह जाळ्याला न जोडलेल्या एका संगणकावर तपासूनच पुढे जाऊ द्यावा. यंत्र दुरुस्त करावयास आलेल्या परगावच्या कारागिराचा लॅपटॉपही याच नियमात बसतो. तो कारागीर आपल्या गावी बसूनच, इंटरनेटवरून यंत्रात डोकावत असेल, तर ती खिडकी कामापुरती उघडावी आणि काम झाल्यावर बंद करावी. चोरून मिळविलेला, म्हणजे बिनपैशाचा 'क्रॅक' केलेला हिशेबाचा प्रोग्रॅम वापरू नये. ज्याने त्याचे कुलूप तोडले त्याने आत आणखी काय ठेवले असेल, याचा भरवसा कोणी द्यावा? ओळखीच्या नावाने आलेल्या ई-मेलमध्ये बिल किंवा दरपत्रक असले आणि ते अपेक्षित नसले, तर उघडण्यापूर्वी त्या व्यापाऱ्यास फोन करून विचारावे. पासवर्ड प्रत्येकाचा निराळा असावा, आणि पैशाच्या व्यवहारांना दुहेरी खात्रीची सोय असावी.

चौथे पथ्य भिंतींचे. गाठींच्या थप्प्यांत अंतर ठेवतात ते एक थप्पी पेटली तरी दुसरी वाचावी म्हणून. त्याच न्यायाने कचेरीचे संगणक एका जाळ्यावर, यंत्रांचे दुसऱ्यावर, आणि पाहुण्यांचे मोबाइल तिसऱ्यावर असावेत. मुनीमजींनी उघडलेली फाइल प्रेसपर्यंत पोहोचूच नये, अशी ही मांडणी असते. रोजच्या कामाच्या संगणकावर नवा प्रोग्रॅम बसविण्याचा अधिकार सर्वांस नसावा. तो एका जबाबदार माणसाकडे असावा.

पाचवे पथ्य प्रतींचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक कारखान्याच्या बाहेर व जाळ्यापासून तोडलेली असावी. नेहमी जोडून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. मूळ जळाले म्हणजे तीही जळते. केवळ हिशेबाची प्रत घेऊनही भागत नाही. पीएलसीमधील सूचनांची प्रत यंत्र बनविणाऱ्याकडून मागून घ्यावी, आणि दाब, ओलावा, वेग यांचे आकडे कागदावर छापून यंत्राजवळ ठेवावेत. वर्षातून एकदा तरी त्या प्रतीवरून सारे परत उभे करून पाहावे. ज्या प्रतीची परीक्षा झाली नाही ती रिकाम्या बादलीसारखी असते. ती भिंतीवर शोभते, पण आगीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

इतके करूनही आग लागलीच तर? पहिल्या तासात काय करावयाचे ते आधी ठरलेले असावे. चालते यंत्र असेल तर ते प्रथम हाताने सुरक्षितपणे थांबवावे. माणसाचा जीव सर्वांआधी. मग संशयित संगणकाची जाळ्याची तार उपटावी, वाय-फाय तोडावे, इतर संगणकही जाळ्यातून अलग करावेत. घाबरून काही पुसून टाकू नये, कारण ते पुरावे असतात. कायद्याचीही आठवण ठेवावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये दुसऱ्याच्या संगणकात बुद्धिपुरस्सर असा प्रोग्रॅम सोडणे हा गुन्हा आहे. आणि केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशाप्रमाणे अशा घटनेची खबर, ती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत त्या संस्थेस द्यावी लागते. पैसे परस्पर गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. खंडणी भरण्याचा मोह टाळावा. दरोडेखोराच्या शब्दावर विसंबून किल्ली मिळेलच असे नाही. आणि एकदा देणारा पुन्हा देईल, अशी त्याची नोंद मात्र होते.

या सर्व पथ्यांच्या मुळाशी एक माणूस आहे, आणि त्याचा विचार झाल्यावाचून विषय पुरा होत नाही. ज्याच्या हातून चुकीची फाइल उघडली गेली तो बहुधा कारखान्यातील धाकटा कारकून असतो. पडद्यावर काही विचित्र दिसताच त्याच्या मनात पहिला विचार येतो तो नोकरीचा. तो संगणक बंद करतो, गप्प बसतो, आणि सकाळी कोणाला कळणार नाही अशी आशा धरतो. तेवढ्या रात्रीत विष सर्वत्र पसरते. जेथे चूक कबूल करणाऱ्यास शिवीगाळ होते, तेथे चुका लपविल्या जातात. जेथे चुका लपविल्या जातात, तेथे कोणतेही यंत्र संरक्षण करू शकत नाही. जिनमध्ये धूर दिसताच जो मजूर प्रथम ओरडतो त्याला कोणी रागावत नाही, ठिणगी त्याच्याच हातून पडली असली तरी. कचेरीतही हाच न्याय लागू झाला पाहिजे. हा नियम अमलात आणण्यास एक पैही लागत नाही. मालकाने तो एकदा सर्वांसमक्ष सांगावा लागतो, आणि प्रसंग आला म्हणजे पाळावा लागतो.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी हा विषय कारखानदारांचा म्हणून सोडून देऊ नये. कचेरीतील लॅपटॉप संध्याकाळी घरी येतो, त्यावर मुले खेळतात, कोणीतरी फुकटचा सिनेमा उतरवून घेतो, आणि सकाळी तोच लॅपटॉप कारखान्याच्या जाळ्यात परत जातो. फाटकावर कितीही कडक पहारा असला तरी ही ठिणगी पहारेकऱ्याला दिसत नाही. घरातील शिस्त हीच येथे फाटकावरची पाटी होय.

शेवटी, संगणक थांबल्यावर नुकसान कोणाचे होते? मालकाचा विमा असतो, व्यापाऱ्याला दुसरा बाजार असतो, बंदराला दुसरे टर्मिनल असते. परंतु हंगामाच्या ऐन गर्दीत जिनिंगच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, आणि तीत कापूस भरून आलेला शेतकरी उभा असतो. ट्रॅक्टर पुष्कळदा भाड्याचा असतो. एक दिवस खोळंबला तर दुसऱ्या दिवसाचे भाडे चढते. वजन झाल्यावाचून पावती नाही, पावतीवाचून पैसे नाहीत, आणि ते पैसे सावकाराच्या, दुकानदाराच्या, मुलांच्या शाळेच्या नावाने आधीच वाटले गेलेले असतात. आता तर कापूस विकण्यासाठी त्याची स्वतःची माहितीही संगणकाच्या स्वाधीन करावी लागते. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस निगमास हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' या अॅपवर नोंदणी करण्याची पद्धत सुरू झाली. खरेदी करणाऱ्या कारखान्यांतही त्याचा खातेक्रमांक, त्याच्या जमिनीची नोंद उतरवून घेतली जाते. त्याने तो संगणक विकत घेतला नाही, त्याचा पासवर्ड ठरविला नाही, त्यातील फाइल उघडली नाही. तरी त्या संगणकाच्या मालकाने दाखविलेल्या निष्काळजीपणाची पहिली किंमत त्यालाच मोजावी लागते. ज्याने आपला वर्षाचा माल आणि आपले नाव-गाव विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिले, त्याचा तो विश्वास राखण्यासाठी एक वही, एक जास्तीची प्रत, आणि खंडेनवमीपूर्वीचा एक आठवडा खर्ची घालणे, हे कोणत्याही कारखान्याला जड जाऊ नये.